किक जात नाही म्हणजे नक्की काय जाम आहे? घरी इंजिन सोडवण्याआधी आणि सोडवल्यानंतर

ऐरोलीहून एका तरुणाचा प्रश्न आलाय. वडिलांची २००६ सालची स्प्लेंडर प्लस २०२०च्या लॉकडाऊनमध्ये सोसायटीच्या स्टिल्टखाली उभी केली, ती तशीच राहिली. उभी केली तेव्हा व्यवस्थित चालत होती. आता किक तसूभरही खाली जात नाही. एक ओळखीचा सांगतो, प्लगच्या भोकातून डिझेल ओता, चौथ्यात टाका आणि दोघांनी मिळून धक्का मारा. दुसरा म्हणतो, इंजिन गेलं, भंगारवाल्याला द्या. हे काम पार्किंगमध्येच, घरच्या हत्यारांवर जमेल का?

बहुतेक जमेल. पण "इंजिन सोडवायचं कसं" याच्या आधी दुसरा प्रश्न आहे. जाम नक्की काय झालंय आणि कशामुळे? वागळे इस्टेटच्या बाजूला माझं गॅरेज आहे आणि पावसाळा संपला की अशा गाड्या टेंपोत घालून येतातच. त्यातली बरीचशी इंजिनं जितकी गंजाने बिघडलेली नसतात तितकी सोडवण्याच्या खटपटीत बिघडलेली असतात. वाकलेला रॉड (पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा), पिस्टनच्या डोक्यावर सळईचे खड्डे, मॅग्नेटच्या (इंजिनाच्या डाव्या बाजूच्या फिरत्या चाकाच्या) नटाचे गोल झालेले कोपरे. गंज स्वस्तात निघतो, हे नाही निघत.

इंजिन जाम व्हायचे तीन प्रकार नेहमीचे. पहिला, उभ्या उभ्या गंजून चिकटलेलं. दुसरा, चालत्या गाडीत पकडलेलं, म्हणजे ऑईल संपलं किंवा कमी पडलं, पिस्टन तापून फुगला आणि त्याचं अॅल्युमिनियम बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, फासलं गेलं. तिसरा, आत पाणी शिरलेलं. तुमची गाडी चालू स्थितीत उभी केली आणि वर्षानुवर्षं हलली नाही, म्हणजे पहिला प्रकार असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पण मधल्या एखाद्या पावसाळ्यात स्टिल्टमध्ये गुडघाभर पाणी भरलं होतं का, हे वॉचमनला विचारून घ्या. तुम्हाला आठवणार नाही, त्याला आठवेल. सायलेन्सर बुडेपर्यंत पाणी चढलं असेल तर सगळा हिशोब बदलतो.

गंज चढतो कसा ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी पद्धत त्यावरच बेतलेली आहे. चार स्ट्रोकचं इंजिन बंद पडताना कुठल्याही जागी थांबतं. कधी दोन्ही वॉल्व बंद असतात, कधी एखादा उघडा राहतो. एक्झॉस्टचा वॉल्व उघडा राहिला तर सायलेन्सरमधून बाहेरची हवा थेट बोअरपर्यंत जाते, आणि आपल्याकडची हवा म्हणजे खाडीची, खारट आणि चार महिने ओलीकच्च. ऐरोली, कोपरी, कळवा, घणसोली, सगळीकडे तेच. पिस्टन अॅल्युमिनियमचा, तो लोखंडासारखा गंजत नाही. पण पिस्टनवरच्या रिंगा आणि बोअरची स्लीव्ह (आतली नळी) लोखंडी. जिथे रिंग स्लीव्हला टेकलेली असते तिथे गंजाची बारीक रेघ धरते आणि दोन्ही एकमेकांना धरून बसतात. चिकटलेला भाग एवढाच असतो. म्हणून गंजलेलं इंजिन सुटतं. जोर करून नव्हे, त्या रेघेत तेल पोचवून.

आता तपासणी. गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना, मागचं चाक मोकळं फिरतंय ना, हे आधी बघा. हसू नका, गिअरमध्ये अडकलेली आणि मागचा ब्रेक शू ड्रमला चिकटलेली गाडी "इंजिन जाम" म्हणून गॅरेजला येते. किकचा शाफ्ट किंवा त्याची स्प्रिंग अडकली तरी किक खाली जात नाही, इंजिन मात्र ठणठणीत असतं. बुलेटसारख्या गाडीत क्लच दाबून किक मारून बघितली की थोडाफार उलगडा होतो, पण बरीच वर्षं उभ्या गाडीच्या क्लच प्लेटाही चिकटलेल्या असतात, तेव्हा त्या परीक्षेवर फार विसंबू नका. खरी परीक्षा मॅग्नेटच्या नटावर. त्याच्याकडे येतोच.

त्याआधी ऑईल बघा. डिपस्टिक काढा, नंतर खालचा ड्रेन बोल्ट सैल करून पहिलं जे काय येतंय ते पारदर्शक बरणीत धरा. काळं ऑईल आलं तर ठीक. आधी पाणी आलं, किंवा ऑईल दुधाळ दिसलं, तर पाणी आत गेलेलं आहे. मग फक्त रिंगाच नाही, क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) बेअरिंगा आणि गिअरबॉक्ससुद्धा संशयित. अशा इंजिनाला घरी नुसतं सोडवून चालू करायचं नाही, ते उघडावंच लागतं. पाणी शिरून दोन-चार दिवसच झाले असतील तर गोष्ट वेगळी: किक अजिबात न मारता प्लग काढायचा, पाणी बाहेर काढायचं, ऑईल बदलायचं. सिलिंडरमध्ये पाणी असताना प्लग लावून किक मारली तर पाणी दबत नाही, रॉड वाकू शकतो. जुलैत पूर ओसरला की पहिल्या दिवशी सगळे हेच करतात.

मग प्लग. स्प्लेंडरचा प्लग लहान चुडीचा (आट्यांचा), त्याला १६ नंबरचा प्लगपाना लागतो. बुलेट, आरएक्स १०० यांच्या मोठ्या प्लगला २१ नंबरचा. प्लगभोवतीची माती फुंकून, ब्रशने झाडून घ्या, नाहीतर ती सगळी आत पडते. प्लग गच्च असेल तर तळाशी गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. हेडची चुडी अॅल्युमिनियमची असते. हिसका मारलात तर प्लगबरोबर चुडी बाहेर येते आणि कामात काम वाढतं.

प्लग निघाला की आत बघा. मोबाईलला जोडायचा बारीक केबलचा कॅमेरा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो घेऊन ठेवा. बोअरवर तांबूस पावडर दिसली तर साधा गंज. खोल काळे खड्डे दिसले तर ब्लॉक (सिलिंडरचा भाग) बोअर करावा, म्हणजे आतून घासून मोठा करावा लागेल, हे आत्ताच धरून चाला. चकचकीत रुपेरी पट्टे दिसले तर तो उष्णतेने पकडलेला पिस्टन आहे, तिथे तेल ओतत बसण्यात अर्थ नाही, ब्लॉक उतरवायचा. आणि काहीतरी तुटकं, वाकडं दिसलं, वॉल्वचा तुकडा वगैरे, तर पाना खाली ठेवा.

समजा साधा गंज आहे. स्प्लेंडरमध्ये एक अडचण आहे जी बाहेरचे व्हिडिओ बघून कळत नाही. तिथे दाखवतात उभा सिलिंडर: तेल ओतलं की पिस्टनच्या डोक्यावर तळं साचतं आणि चारी बाजूंनी रिंगांत झिरपतं. स्प्लेंडरचा सिलिंडर जवळजवळ आडवा झोपलेला. थोडं तेल ओतलंत तर ते बोअरच्या खालच्या बाजूला पडून राहतं, वरची अर्धी रिंग कोरडीच. लोक आठवडाभर थांबतात आणि म्हणतात तेलाने काही होत नाही. होणार कसं, तेल पोचलंच नाही.

याला दोन उपाय. गाडी अशी कलती करून टेकवा की प्लगचं भोक सगळ्यात वर येईल, आणि सिलिंडर काठोकाठ भरा. स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसीचं, म्हणजे पिस्टन अगदी खाली असला तरी शंभर मिलीच्या आसपास तेल मावतं. किंवा सरळ इंजिन उतरवा. हे ऐकून लोक घाबरतात, पण स्प्लेंडरचं इंजिन लहान असतं, मोजके बोल्ट, चेन, कार्बोरेटर, सायलेन्सर, वायरिंगचे कप्लर सोडवले की दोन माणसांत आरामात खाली येतं. खाली आलं की हेड वर करून उभं ठेवायचं. मला विचाराल तर इंजिन उतरवणं बरं, कारण पुढे तसंही ब्लॉक उघडायचाच आहे. ते का, ते पुढे सांगतो.

भरलेलं तेल तासाभरात गायब झालं तर एखादा वॉल्व उघडा आहे आणि तेल सायलेन्सरमध्ये किंवा कार्बोरेटरकडे चाललंय. टॅपेटची झाकणं उघडून दोन्ही टॅपेट (वॉल्व दाबणारे स्क्रू) पूर्ण सैल करा. वॉल्व थोडाच उघडा असेल तर तेवढ्याने बंद होतो. पुरता उघडा असेल तर रॉकर (वॉल्व ढकलणारी दांडी) काढावा लागतो. हळूहळू, दिवसभरात पातळी उतरत असेल तर मात्र आनंद माना, तेल रिंगांमधून खाली जातंय.

तेल कोणतं, यावर लोक भांडतात. मी ऑटो ट्रान्समिशनचं तेल, म्हणजे पॉवर स्टेअरिंगला टाकतात ते लाल ऑईल, आणि डिझेल समसमान घेतो. डिझेल पातळ, ते फटीत शिरतं. लाल तेल मागून जाऊन चिकटून राहतं. काही जण डिझेलऐवजी अॅसिटोन घालतात. त्याने काम लवकर होतं हे खरं, पण अॅसिटोन भयंकर पेट घेतं, रंग आणि रबर खातं आणि बंद स्टिल्टमध्ये त्याची वाफ साठते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शेजारी दहा गाड्या टाकीत पेट्रोल घेऊन उभ्या असताना, मी ते सुचवणार नाही. व्हिनेगर, कोल्ड्रिंक वगैरे आत ओतू नका; आम्ल गंज खातं तसं अॅल्युमिनियमही खातं. आणि तुमच्या टाकीतलं जुनं पेट्रोल आधी काढून घ्या. ते तसंही वापरण्याजोगं राहिलेलं नाही.

थांबायचं किती? इथे नेमकं उत्तर नाही. हलका गंज दोन दिवसांत सोडतो, जुना गंज दोन-तीन आठवडेही घेतो. रोज पातळी बघून तेल घाला. जमलं तर ब्लॉकच्या बाहेरून हेअर ड्रायरने किंवा हीट गनने कोमट करा, मग गार होऊ द्या, पुन्हा करा. अॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या साधारण दुप्पट फुगतं. तापण्या-निवण्याने पिस्टन, रिंग आणि स्लीव्ह वेगवेगळ्या मापात हलतात आणि गंजाच्या रेघेला तडे जाऊन तेलाला वाट मिळते. गॅसची शेगडी, ब्लो लॅम्प नको. आत डिझेल आहे हे विसरू नका.

आता नट. डावीकडचं कव्हर काढलं की मॅग्नेट आणि मधला नट दिसतो. त्यावर घट्ट बसेल अशी सहा कोनी गोटी (सॉकेट) घ्या, बारा कोनी नको, ती कोपरे खाते. लांब दांडा चालेल, पण दांड्यात पाईप घालून लांबी वाढवायची नाही. हाताला जेवढा जोर लागतो तेवढाच. आणि हे नीट लक्षात घ्या: इंजिन चालताना डावीकडून बघितलं तर मॅग्नेट घड्याळाच्या उलट फिरतं, पण त्या दिशेने पाना फिरवला तर इंजिन न हलता नटच सुटतो. म्हणून पहिला प्रयत्न घट्ट करायच्या दिशेने, म्हणजे इंजिनाच्या उलट्या दिशेने. दोन्हीकडे हलवता यावं म्हणून मॅग्नेटलाच पट्ट्याचा पाना लावणं सगळ्यात चांगलं. फार जोर केलात तर मॅग्नेटच्या आतली चावी (त्याला क्रँकवर जागेवर धरणारी लहान पट्टी) कापली जाते आणि पुढे गाडी चालू झाली तरी टायमिंग चुकतं.

इथे चौथ्या गिअरच्या सल्ल्याबद्दल बोलायला हवं, कारण तो सगळीकडे ऐकू येतो. स्प्लेंडरचं मागचं चाक टॉप गिअरमध्ये एक वेढा फिरलं की इंजिन दहा-बारा वेढे फिरतं. याचा अर्थ चाकावर लावलेल्या जोराचा दहावा-बारावा हिस्साच क्रँकपर्यंत पोचतो. गच्च इंजिनाला तेवढा पुरत नाही, आणि पुरला तर तो एका धक्क्यात पोचतो, गिअरच्या दातांवर, चेनवर आणि रॉडवर. मग इंजिन सुटलंच तर थांबवायला कोणी नसतं. दोघांच्या धक्क्याने ते गंजाच्या भुग्यावरून सरसर फिरतं आणि बोअरवर उभे ओरखडे पडतात. नटावर हाताने तुम्हाला जास्त ताकद मिळते आणि ती थांबवताही येते. चाक हलवून बघायचंच असेल तर नुसतं मागे-पुढे हलवा, धक्का नको.

पावसाळ्यात फुगलेला दरवाजा आपण कसा उघडतो? एका लाथेत नाही, थोडा इकडे, थोडा तिकडे. इथेही तसंच. पाना लावून दाब द्या, धरून ठेवा, सोडा, उलट दिशेने द्या. रोज पाच-दहा मिनिटं. पहिली हालचाल दिसत नाही, हाताला कळते. दांडा आधी थोडा वाकल्यासारखा लागतो, मग आतून बारीक "टक्" येतो आणि तो केसभर सरकतो. लोकांना याच क्षणी जोर चढतो. तिथेच थांबा. आणखी तेल घाला, परत मागे आणा, परत पुढे. केसभराचं बोटभर होऊ द्या. पिस्टन जिथे आजवर गेलेला नाही तिथल्या बोअरवरही गंज आहे, आणि सुटलेली रिंग त्यावरून पहिल्यांदाच चालणार आहे. पूर्ण वेढा मिळाला की प्लगच्या भोकावर जुनं फडकं धरून हळूहळू फिरवा. फडक्यावर तपकिरी रबडी येईल. ती येणं थांबेपर्यंत ताजं तेल घालत राहा. टायमिंग चेन (वॉल्व चालवणारी आतली चेन) वरून काढलेली असेल तर मात्र ती ओढून धरल्याशिवाय क्रँक फिरवू नका, चेन खाली गोळा होऊन अडकते.

आठवडे उलटूनही हललं नाही तर हेड उतरवा. चार नट फुलीच्या क्रमाने, थोडे थोडे सैल करायचे. मग बोअरपेक्षा थोडा लहान, सपाट तोंडाचा लाकडी ठोकळा पिस्टनवर ठेवून हातोडीने हलके ठोके द्या आणि दरम्यान कोणीतरी नटावर दाब देत राहू द्या. लोखंडी सळई प्लगच्या भोकातून घालून ठोकणं हा तो खड्ड्यांवाला प्रकार, तो करू नका. ठोकळ्यानेही नाही हललं तर ब्लॉक-पिस्टन घेऊन सरळ बोअरिंगवाल्याकडे जा. त्याच्याकडे प्रेस असतो.

तुमची गाडी स्प्लेंडर आहे, पण हे वाचणारे आरएक्स १००वालेही असतील, त्यांच्यासाठी एक परिच्छेद. दोन स्ट्रोकमध्ये क्रँकच्या बेअरिंगांना पेट्रोलबरोबर येणारं टू-टी ऑईलच मिळतं, चार स्ट्रोकसारखं खाली साठलेलं ऑईल नसतं. गाडी उभी राहिली की त्या बेअरिंगा कोरड्या पडतात आणि पिस्टनच्या आधी गंजतात. कोपरीतल्या एका गिऱ्हाईकाने आरएक्सचा पिस्टन घरी फार सुंदर सोडवला होता, बोअरवर एक ओरखडा नाही. गाडी सुरूही झाली. क्रँकमधून येणारी घरघर त्याला सायलेन्सरचा आवाज वाटली. आठवड्यात मोठ्या बेअरिंगने जीव सोडला आणि तिच्या गोळ्यांचा चुरा वर जाऊन त्याच सुंदर बोअरचं वाटोळं केलं. दोन स्ट्रोकमध्ये क्रँक हाताने फिरवताना खरखर लागली तर इंजिन फाडायचं, म्हणजे पूर्ण उघडायचं, दुसरा मार्ग नाही. शिवाय रिंगा पोर्टच्या (बोअरच्या भिंतीतल्या भोकाच्या) खिडकीत अडकून तुटतात, म्हणून तिथे मागे-पुढे करताना हात आणखी हलका.

आता तुम्ही विचाराल, इंजिन मोकळं फिरतंय, मग किक का मारू नये? कारण सुटलेलं इंजिन म्हणजे दुरुस्त झालेलं इंजिन नव्हे. खाली चेंबरमध्ये डिझेल झिरपलंय, त्याने ऑईल पातळ झालंय. रिंगा खाचेत चिकटलेल्या असू शकतात, मग त्या बोअरवर दाबून बसत नाहीत, कॉम्प्रेशन मिळत नाही आणि गाडी धूर ओकते. गंजाची पावडर ऑईलबरोबर पंपात जाते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: उभ्या गंजलेल्या स्प्लेंडरचा ब्लॉक एकदा उतरवून बघाच. बोअरवरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर हलकं होनिंग (बोअर बारीक घासणं), नव्या रिंगा, नवं पॅकिंग, वॉल्व लॅपिंग (वॉल्व घासून नीट बसवणं), एवढ्यावर भागतं. नख अडकलं तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन, ते ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिलिमीटर मोठे मिळतात. स्प्लेंडरचं सामान गल्लीत मिळतं, आणि वरच्या अर्ध्या भागाच्या या कामालाच गॅरेजमध्ये हाफ इंजिन म्हणतात. क्रँकच्या रॉडला वर-खाली ढिलाई लागली तरच क्रँकसकट सगळं उघडायचा, म्हणजे फुल इंजिनाचा विषय येतो.

ब्लॉक न उघडता चालू करून बघायचंच असेल, आणि मला माहीत आहे की बरेच जण तेच करणार, तर निदान एवढं करा. सगळं ऑईल काढा, ऑईलची जाळी धुवा, नवं ऑईल भरा. प्लग काढलेला ठेवून टॅपेटची झाकणं उघडा आणि हळू किक मारत राहा, वर रॉकरपाशी ऑईल पोचलेलं डोळ्यांनी बघा. ते येईपर्यंत प्लग लावायचा नाही. टॅपेट परत माप लावून बसवा. कार्बोरेटर धुऊन, टाकी गंजली नाही ना बघून, ताजं पेट्रोल. चालू झाली की रेस न देता चार-पाच मिनिटं ऐका, बंद करा, तेच ऑईल पुन्हा काढून टाका. निळा धूर पहिली काही मिनिटं येणारच, आत ओतलेलं तेल जळतं. तो गाडी तापल्यावरही राहिला तर रिंगा गेल्या. काढलेलं ऑईल सोसायटीच्या गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, जुन्या ऑईलचे घेणारे असतात.

खर्च करण्याआधी एक बिनपान्याचं काम. गाडी २००६ची आहे, म्हणजे नोंदणीची १५ वर्षं २०२१लाच संपली. रस्त्यावर आणायची तर आरटीओत फेरनोंदणी, पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट हे सगळं लागेल. आरसी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर नावबदलही. यात इंजिनापेक्षा जास्त वेळ जातो, तेव्हा सिलिंडर तेलात भिजत असताना कागद बाहेर काढा. आठवण म्हणून ठेवायची असेल तर प्रश्नच नाही.

सध्या फक्त प्लग काढा आणि ड्रेन बोल्ट सैल करा. बरणीतल्या ऑईलचा रंग आणि प्लगच्या भोकातून काय दिसतं, या दोन्हींचे फोटो टाका, म्हणजे तेलात भिजत ठेवायचं की थेट ब्लॉक उतरवायचा ते सांगता येईल. तोवर किकला पाय लावू नका.